तिसरी हाक

या पावसाळ्यात कोंडखारची पोरं पहिल्याच हाकेला ओ द्यायला लागली. ऐकायला चांगली गोष्ट वाटते. शाळेत तर फारच चांगली. कुठल्याही बाईंना विचारा, घसा फोडल्याशिवाय नववीतला मुलगा मान वर करत नाही. पण हजेरी घेताना मी 'मितेश' म्हटलं की मितेशसकट चारपाच जण दचकून 'ओ!' म्हणायचे. 'हजर' नाही, 'येस मॅडम' नाही, ओ. आणि मग एकमेकांकडं बघायचे नाहीत.

आधी मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. माझी जीभ तिखट आहे असं माझी सासू म्हणते. तिची गोड आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मी सगळ्या वर्गाला चांगलं झाडलं. पण थट्टा करणाऱ्या पोरांचे डोळे असे नसतात. मग गावातही तेच दिसायला लागलं. मासळीवाली केसर पाटी घेऊन शाळेसमोरच्या आळीत यायची, नेहमीच्या एका गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायची, आणि सगळ्या आळीची दारं उघडायची. बायका हाताला भाकरीचं पीठ तसंच घेऊन उंबऱ्यात उभ्या. केसर बिचारी गांगरून जायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, या गावाला काय झालंय? मी मासं विकते का बोंब मारते?"

हे सगळं रामचंद्र गेल्यापासूनचं.

रामचंद्र म्हणजे माझ्या वर्गातल्या नेत्राचा बाप. गावाच्या बांधावर उघाडी आहे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून केलेला लाकडी फळ्यांचा दरवाजा. भरतीला फळ्या खाचेत टाकायच्या, ओहोटीला काढून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. गावानं हे काम रामचंद्राकडं दिलं होतं. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला रात्री तो फळ्या टाकायला गेला आणि सकाळी उघाडीखालच्या चिखलात सापडला. फळ्या अर्ध्याच पडल्या होत्या. पोटरीला आलेला भात सगळा खाऱ्या पाण्यात गेला.

दोन दिवसांनी पेपरात आलं, 'मद्यधुंद राखणदाराच्या निष्काळजीपणामुळे शेती पाण्याखाली'. बांधाला लागून कंटेनरचं यार्ड आहे. त्याच्या भरावाचा मुरूम वाहत येतो, उघाडीच्या खाचा बुजवतो, फळी खाली बसत नाही, असं रामचंद्र वर्षभर ओरडत होता. त्यात आता यार्ड दुप्पट करायचं ठरलं होतं आणि त्याची जनसुनावणी दिवाळीच्या आधी व्हायची होती. रामचंद्र दारुडा ठरला की मुरूम सुटला. यार्डवाल्यांचं समजत होतं मला. पण ज्यांचा भात बुडाला, जे यार्डाच्या नावानं बोटं मोडतात, तेही माना डोलवायचे. "पिऊनच असंल. न्हायतर हाक न्हाय मारली असती?" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं, तेही एकाच सुरात, की सगळ्यांनी मिळून पाठ केलंय असं वाटायला लागलं.

नेत्रा तेव्हापासून बोलायची बंद झाली. ही माझी वर्गातली वकील. नियम निघाला की त्याला फाटे फोडणारी, 'पण मॅडम' हे दोन शब्द माझ्या कानात कायमचे बसवणारी. बापाबरोबर उघाडीवर जायची, बॅटरी धरायची, फळीचं दुसरं टोक उचलायची, आणि दुसऱ्या दिवशी निबंधात ते सगळं असं लिहायची की वाचताना माझ्या पायाला चिखल लागायचा. आता ती खिडकीकडं पाठ करून बसायची, कारण आमच्या वर्गाच्या खिडकीतून बांध दिसतो. मधल्या सुट्टीत कुणीतरी 'बेवड्याची' म्हणायचं. ती मान खाली घालून डबा खायची. ही गोष्ट मला सहन होत नव्हती. तिनं एकदा तरी कानफटात मारावी असं मला वाटायचं. शिक्षिकेला असं वाटू नये, पण वाटायचं.

मग एक दिवस तिची आई कमळ दाखला मागायला आली. नेत्राला मांडव्याला मावशीकडं पाठवणार होती.

"इथं बापाचं नाव घेतात तिच्या देखत. मना आयकवत न्हाय," ती म्हणाली.

"मग खोटं आहे म्हणून सांगा ना चार लोकांत!" मी म्हटलं. कमळनं अर्ज माझ्या हातात ठेवला आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

मी रागावले होते, हे सरळ सांगते. रागातच मी मुख्याध्यापक घरत सरांकडं गेले. माझ्या वर्गात गुरुवारी शेवटचा तास 'घडामोडीं'चा असतो. बाहेर ज्याच्यावरून भांडणं चालली आहेत असा विषय घ्यायचा आणि बोलायचं. नियम एकच, घरून आणलेलं मत दप्तरात ठेवायचं आणि समोरच्याची बाजू मांडायची. ज्याच्या बापाचा ट्रक, त्यानं ट्रकबंदीच्या बाजूनं बोलायचं. प्लास्टिकबंदी झाली होती, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर तर दोन तास पुरले नव्हते. आता मला यार्ड घ्यायचं होतं.

"मॅडम, जगातले सगळे विषय घ्या," घरत सर म्हणाले. "लढाई घ्या, निवडणूक घ्या. हा नको."

"सर, पोरं मधल्या सुट्टीत याच्यावरूनच एकमेकांचे शर्ट फाडतात. वर्गात निदान बाकाला टेकून बोलतील."

"तुम्ही संध्याकाळी रिक्षा पकडून उरणला जाता. या पोरांना रात्री इथंच झोपायचंय."

घरत सर याच गावचे. भित्रा माणूस नाही. पूर्वी गावातल्या दारूच्या गुत्त्याला यांनीच कुलूप लावलं होतं. पण 'रात्री' म्हणताना त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि कुठं ठेवावा हे न सुचल्यासारखा हातातच धरून ठेवला. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ मला कळला नाही. ते नाही म्हणाले. मी गुरुवारी फळ्यावर लिहिलं, 'यार्ड वाढावं का?'

खाडीला भरती लागली होती, खिडकीतून पाण्याचा वास येत होता. नेत्रा खिडकीकडं पाठ करून बसलेली.

रुचिता आधी उठली. तिच्या घरचा सगळा भात बुडालेला, म्हणून नियमानं तिला यार्डाची बाजू. ती म्हणाली, यार्डामुळं पोरांना काम लागलं, रस्ता झाला. मग खाली बघत म्हणाली, "आनि राखनदारच पिऊन पडला तर यार्डाचा काय दोष? पिऊन नसता तर हाक मारली असती." पाठ केलेलं वाक्य, तोच सूर.

मग मितेश. याचा बाप परेश, त्याचे ट्रेलर यार्डात लागलेले. परेशचं घर बांधाच्या या टोकाला, नेत्राचं त्या टोकाला, मधे उघाडी. नियमानं मितेशला यार्डाच्या विरोधात बोलायचं होतं, म्हणजे रामचंद्राची बाजू घ्यायची होती. तो उभा राहिला आणि बराच वेळ नुसता बाकाची कड खरवडत राहिला.

"खाचेत मुरूम भरलेला," तो म्हणाला. "फली खाली बसत न्हाय. एकट्या मानसाला दाबता येत न्हाय, दुसरा लागतो. म्हनून त्यानं..." तो थांबला. "मॅडम, नियमाचं बोलू कं खरं बोलू?"

"दोन्ही एकच असेल तर बोलून टाक."

"रामचंद्रकाका पिऊन नव्हता. पिऊन असता तर हाक अशी साफ आली नसती. आमच्या घरावर आली. 'ए परेश!' दोनदा."

मितेश आता थांबणार नव्हता.

"बापूस उठला. टॉर्च घेतली. आजीनं दारात आडवा हात घातला. म्हनली, तिसरी होव दे."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. मी याच किनाऱ्यावर वाढले आहे. खाडीतला गिऱ्हा ओळखीच्या माणसाचा आवाज काढून रात्री नावानं हाक मारतो, आणि ओ दिली की पाण्यात ओढतो. पण त्याला दोनच हाका येतात. तिसरी आली तर माणूस समजायचं आणि मग दार उघडायचं. माझ्या आईनंही मला हेच शिकवलं. आमच्याकडं सगळ्यांच्याच आयांनी हे शिकवलेलं असतं. दिवसा त्याला हसतात आणि रात्री पाळतात.

"तिसरी न्हाय आली," मितेश म्हणाला. "आमी सगली वाट बघत हुती."

"आमचे घरान पन आयकू आली," रुचिता अजून उभीच होती, ती म्हणाली. "परेशकाकाचं नाव. दोनदा." मग मागून प्रणय म्हणाला, आमचे पन. मग एकेक हात वर जायला लागला. मी काही विचारलं नव्हतं. खाडीच्या बाजूच्या घरांतली जवळजवळ सगळी पोरं हात वर करून बसली, आणि मला कळलं की त्या बातमीवर सगळ्या गावानं का विश्वास ठेवला. त्या बातमीत हाक नव्हती. माणूस पिऊन, मुक्यानं पडला असेल, तर कुणी काही ऐकलं नाही आणि कुणी दार उघडायचं राहिलं नाही.

आणि मी मूर्ख बाई, मला आनंद झाला. खरंच झाला. मी वळून म्हटलं, "नेत्रा, ऐकलंस ना? तुझे बाबा शुद्धीत होते!"

"मना म्हाईत हाय, मॅडम."

ती कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा बोलत होती. आवाज बसलेला होता.

"तेच्या आधी एक हाक आमच्या घरावर आलती. 'नेत्रे' म्हनून. रोजच्यासारखी. मी उठली बॅटरी घ्यायला. आयशीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हनली, अमावास्या हाय, थांब. आमी थांबलो. मंग काय आयकू आलं न्हाय. वारा उलटा होता." ती मितेशकडं बघत होती. "मना वाटलं एकच मारली. एकीवर कोन उठतो."

मितेशचे ओठ हलले. तो मनात काहीतरी जुळवत होता आणि ते जुळू नये असं त्याला वाटत होतं.

"तुमची एक," तो म्हणाला. "आनि आमच्या दोन."

त्यानं बोटांवर पुन्हा मोजलं.

"म्हंजे तीन जाल्या, मॅडम."

घंटा झाली तरी एकही पोर उठलं नाही. रामचंद्र याच गावचा. त्यालाही तीनचा नियम ठाऊक होता. तीन पुऱ्या केल्या की कुणीतरी येईल असं त्याला वाटलं असेल. त्यानं पुऱ्या केल्या होत्या. गावानं त्या घराघरांत वाटून घेतल्या आणि आजवर एका जागी बसून कुणी त्यांची बेरीज केली नव्हती. ती माझ्या वर्गात झाली, माझ्या नियमामुळं, आणि त्या क्षणी मला तो नियम, तो फळा, सगळं पुसून टाकावंसं वाटलं. नेत्रा रडली नाही. तिनं बाकावर तोंड टेकवलं आणि तशीच राहिली. रुचिता जाऊन तिच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. नोकरी गेली असं धरूनच मी गेले. आत परेश बसला होता, गळ्यात जाड साखळी, दाढी वाढलेली. मी उत्तरं तयार केली होती. त्यानं मला भांडायला जागाच दिली नाही.

"मॅडम, पोरगा खोटं बोलला न्हाय," तो म्हणाला. "मना एकच सांगा. पयली खरंच नेत्राच्या घरावर हुती?"

मी मान हलवली. तो नुसता आपल्या पंजांकडं बघत बसला. मग म्हणाला, "आये आता रातभर दारात बसते. कुनी हाक मारली कं पयलीलाच ओ देते. कुनी नसलं तरी देते. मी उठून बगतो, बांधावर कोन नसतो. मना पन वाटतं, आता आली."

घरत सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी मला रागावलं नाही. वळलेही नाहीत.

"आमच्याकडं टीव्ही चालू होता," ते म्हणाले. "हाक ऐकल्यावर मी त्याचा आवाज वाढवला. मी, मॅडम. मी मुलांना विज्ञान शिकवतो."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

जनसुनावणी आमच्याच शाळेच्या मैदानावर झाली. मंडप, खुर्च्या, टेबलामागं अलिबागहून आलेले साहेब, पोलीस, आणि सगळं गाव. यार्डाच्या बाजूचे उजवीकडं, विरोधातले डावीकडं, आपोआप बसलेले. कमळ आणि नेत्रा मागं बायकांत. दाखल्याचा अर्ज अजून माझ्या कपाटात होता. दिवाळीनंतर नेत्रा जायची होती. मी वर्गातल्या पोरांना घरी थांबा म्हणून बजावलं होतं. अर्थातच सगळी कुंपणाला लटकली होती.

कारकून हरकत घेणाऱ्यांची नावं पुकारत होता. माणूस पुढं यायचा, माइक धरून बोलायचा, खाली बसायचा. नाव पुकारून कुणी आलं नाही तर कारकून पुन्हा पुकारायचा, मग आणखी एकदा, आणि मग गैरहजर म्हणून पुढं जायचा. सरकारचाही तीनचाच नियम. मला तेव्हा पुढचं सुचलं नाही. रामचंद्रानं उन्हाळ्यात स्वतः हरकतीचा अर्ज दिला होता, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. तो बाहेरगावचा कारकून, त्याला काय माहीत.

"रामचंद्र हिराजी म्हात्रे," त्यानं माइकवरून हाक मारली.

हाक भोंग्यातून बांधापर्यंत गेली. घरत सर सांगायला पुढं निघाले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ."

नेत्रा उभी होती. कमळनं तिचा हात धरलेला मी पाहिला, आणि मग तो सोडलेलाही पाहिला. ती चालत माइकपाशी आली.

"तू कोण? अर्जदार कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मी मुलगी. ते मयत झाले. उघाडीवर." ती शाळेतल्यासारखं जपून बोलत होती. "सर, पेपरात छापलंय ते प्यायले होते. ते प्यायले नव्हते. फळी बसत नव्हती म्हणून त्यांनी त्या रात्री तीन हाका मारल्या. पहिली माझ्या नावाची होती. मी ऐकली. मी गेले नाही. हे लिहून घ्या."

साहेब गोंधळले. त्यांना मुरमाविषयी ऐकायचं होतं, हाकांचं काय करायचं ते त्यांना कळेना. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि दुसरी?"

उजवीकडच्या खुर्च्यांत, यार्डवाल्यांच्या मधोमध, परेश उभा राहिला. त्याच्या शेजारच्यानं त्याचा शर्ट ओढला. त्यानं तो हात बाजूला केला.

"दुसरी मी," तो म्हणाला.

साहेबांनी तिसरीचं विचारलं नाही. पण बायकांत काठी टेकल्याचा आवाज झाला. ठमीआजी, परेशची आई, दोघींच्या आधारानं उठत होती. इतकी म्हातारी बाई, उठायला तिला वेळ लागला, आणि सगळा मंडप तेवढा वेळ थांबला.

"तिसरी मी आयकली," ती म्हणाली. "मोजायला चुकली. लेकाला मीच आडवली. त्याला न्हाय, मना लिवा."

मग डावीकडून एक उठला, उजवीकडून एक. घरत सर जिथं होते तिथूनच म्हणाले, मीही. किती जण उठले ते मी मोजलं नाही. कारकुनानं लिहून घेतलं; काय लिहिलं कुणास ठाऊक. यार्डाचं काय व्हायचं ते वरती ठरेल, आणि वरच्यांना कोंडखारची हाक ऐकू जाते असा माझा अनुभव नाही. पण त्या दिवसानंतर रामचंद्राला कुणी दारुडा म्हटलेलं मी ऐकलं नाही. उघाडीवर आता दोघं जातात, परेश आणि आणखी एक जण, पाळीपाळीनं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी हजेरी घेतली. नेत्राचं नाव आलं तशी मी जरा थांबले, कारण अर्ज अजून कपाटात होता आणि मान वर करायचा मला धीर होईना. "हजर," ती म्हणाली. बाकी कुणी ओ दिली नाही. पाण्याची भीड मोडायला वेळ लागतो, तशी ती अजून खिडकीकडं अर्धीच वळून बसते. पण परवा 'पण मॅडम' म्हणाली.

ठमीआजी मात्र अजून रात्री ओ देते, असं मितेश सांगतो. दारात बसून, बांधाकडं तोंड करून. आता तिला कुणी थांबवत नाही.